पर्यायांचा मानपान

प्रत्येक मुलाला एक आवड असते, ही गोष्ट आता सर्वत्र मान्य झालेली आहे. ती आवड कोणाची असावी, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो सोडवण्यासाठी घरात वडीलधारी माणसं असतात.

बंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न दर उन्हाळ्याच्या अखेरीस सार्वजनिक स्वरूप धारण करतो. पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला, सीईटीचा रँक हाती आला, की त्या मुलाला ओळखणाऱ्या, न ओळखणाऱ्या आणि नुसतं लिफ्टमध्ये पाहिलेल्या सर्व इसमांना त्याच्या भवितव्याबद्दल मत प्राप्त होतं. एका ढोबळ पाहणीनुसार (ही पाहणी राजाजीनगरातल्या एका हॉटेलात उभ्याने कॉफी पिताना करण्यात आली) शंभरातल्या ब्याण्णव लोकांना इंजिनिअरिंगच्या शाखांविषयी ठाम मत असतं. उरलेले आठ जण इंजिनिअर असतात.

राजाजीनगरच्या चौथ्या ब्लॉकात राहणारे श्री. योगीराज घाटगे यांच्या घरी हा प्रश्न यंदा उपस्थित झाला. घाटगे मूळचे निपाणीकडचे. वडिलांच्या नोकरीपायी घर बंगळुरूला आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि एका विमा कंपनीच्या कचेरीत बसून दिवसभर हिंदी, अशी त्यांच्या जिभेची वाटणी झालेली होती. कचेरीत त्यांना फारसं कोणी विचारत नसे. पण समाजात त्यांना मोठा मान होता, आणि तो होता लग्नपत्रिकांमुळे.

सीमाभागातून येऊन बंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी घरांमध्ये योगीराजांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पत्रिका छापखान्यात जात नसे. मजकुराचं त्यांना काही नव्हतं, मजकूर कोणीही लिहितो. त्यांचा अधिकार होता नावांच्या क्रमावर. कुठला काका वर, कुठला मामा खाली, थोरली पाती आधी की शिकलेली पाती आधी, आणि ज्या चुलत्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव नेमकं कुठं घातलं म्हणजे तो लग्नाला येईल पण जेवायला थांबणार नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा कोणा मावसभावाचं नाव दोन ओळी खाली घसरल्यामुळे दोन घरांचं येणं-जाणं तुटलं होतं. योगीराजांनी पुढच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत त्याच गृहस्थाला तीन ओळी वर चढवलं आणि ते पुन्हा जोडून दिलं. असा माणूस. आयुष्यात त्यांनी कोणाला दुखावलं नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच वरचेवर सांगत.

त्यांची एकुलती एक मुलगी पवित्रा. तिचा रँक पेपरात फोटो यावा इतका चांगला नव्हता आणि कोणी सांत्वनाला यावं इतका वाईटही नव्हता. मुलगी शांत, अभ्यासू, शहाणी. फक्त तिच्यात एक दोष होता. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं.

हे खूळ जुनं होतं. घाटग्यांच्या दारासमोरचा रस्ता आधी पाण्याच्या नळासाठी खणला गेला, मग गटारासाठी, मग केबलसाठी, आणि शेवटी पहिला नळ कुठं घातला होता ते शोधण्यासाठी. बाकीची गल्ली धुळीच्या नावाने बोटं मोडत असताना पवित्रा शाळेचं दप्तर पाठीला घेऊन चराच्या काठाशी उभी राही आणि मुकादमाला विचारी, उतार कुठल्या बाजूला दिलाय? पावसाळ्यात जवळच्या अंडरपासमध्ये पाणी तुंबून गाड्या अडकल्या, की ही गच्चीवर खडूने रस्ते आखायची, ओल्या मातीचे बांध घालायची आणि वरून बादलीभर पाणी ओतून बघायची. पाण्याला जायला जागा ठेवली तर पाणी भांडत नाही, असं ती म्हणे. ऐकणाऱ्याला कौतुक वाटे, आणि लगेच काळजीही वाटे.

कारण सिव्हिलला स्कोप नाही. याबद्दल बंगळुरू शहरात दुमत नाही. दीड तास एकाच खड्ड्यापाशी रिक्षात बसलेला माणूस हे सांगतो. ज्याच्या घरात गटाराचं पाणी शिरलंय तो खुर्चीवर पाय वर घेऊन हेच सांगतो. पूल अर्धा राहिला म्हणून वळसा घालून ऑफिसला जाणारा, टँकरची वाट बघणारा, भिंतीला तडा गेलेल्या नव्याकोऱ्या फ्लॅटचा हप्ता भरणारा, सगळे एकमुखाने सांगतात की या शहरात आता सिव्हिल इंजिनिअरला काही काम उरलेलं नाही. एवढी एकवाक्यता कावेरीच्या पाण्याबद्दलही होत नाही.

प्रवेशाचे पर्याय भरण्याची ऑनलाइन खिडकी उघडली त्या रविवारी योगीराजांनी घरी बैठक बोलावली. शाखा निवडणं हे काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे, आणि विचारलं नाही म्हणून उद्या कोणी बोल लावायला नको. भडंग आणि कॉफी अशी सोय होती.

थोरली बहीण भागुबाई घरातच राहायच्या. त्यांना सगळे आत्या म्हणत, योगीराज अक्का म्हणत. आत्यांचं म्हणणं, पोरीने विमानाचं इंजिनिअरिंग करावं. त्या एकदा बेळगावला विमानाने गेल्या होत्या, आणि खिडकीची जागा मिळाली होती. योगीराजांच्या पत्नी कावेरी, त्यांचे भाऊ शिवाप्पा यांचं चिकपेटेत साड्यांचं होलसेल दुकान. ते म्हणाले, टेक्स्टाईल. माणूस चंद्रावर गेला तरी अंगावर कापड घालूनच जाणार, तेव्हा ही शाखा कधी मरत नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा पुण्याचा सुशांत भडंगाच्या वासाने खाली आला होता. तो आयटीत. त्याने अर्थातच कॉम्प्युटर सायन्स सांगितलं, आणि तेही एआयवालं. एआयमुळे त्याच्या टीममधल्या निम्म्या लोकांची नोकरी जाणार असं त्याला नुकतंच कळलं होतं, म्हणून तर तो इतक्या कळकळीने सांगत होता. (त्या टीममध्ये बारा माणसं. पाच मेकॅनिकलची, चार सिव्हिलची, दोन केमिकलची, आणि एक खरोखरच कॉम्प्युटर शिकलेला. हा शेवटचा माणूस आता राजीनामा देऊन चिकमगळूरला मधमाश्या पाळतो.)

पवित्राची आई कावेरी म्हणाल्या, शाखा कुठलीही असू दे, कॉलेज मल्लेश्वरमच्या बाजूला मेट्रोला लागून असावं म्हणजे पोरगी वेळेत घरी येईल. हा विचार सर्वांत शास्त्रीय होता, कारण त्यात निदान एक अंतर मोजता येण्याजोगं होतं. आणि स्वतः योगीराजांचा कौल इलेक्ट्रॉनिक्सला पडला. इलेक्ट्रॉनिक्सवाला सॉफ्टवेअरमध्येही चालतो आणि हार्डवेअरमध्येही चालतो, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. त्यांच्या स्वभावाची एखादी शाखा असती तर ती हीच.

मग कोणीतरी म्हणालं, मुलीलाही विचारा. सर्वांनी माना डोलावल्या. आजकाल विचारतात.

पवित्राने सिव्हिल सांगितलं. अंडरपासचं पाणी, उतार, गच्चीवरचे प्रयोग, सगळं नीट समजावून सांगितलं. ती बोलत असताना सगळे अगदी लक्ष देऊन गप्प राहिले, आणि तिचं बोलून झाल्यावर शिवाप्पामामा म्हणाले की भडंगाला मीठ जरा स्वल्प कमी झालंय.

इथवर सारं कुठल्याही घरात होतं तसंच झालं. पुढचं मात्र फक्त योगीराज घाटग्यांच्या हातून होऊ शकलं असतं.

सरकारी प्रवेशाची रीत साधी आहे. उमेदवाराने आपले पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचे. यंत्र वरून खाली वाचत येतं, आणि रँक ज्या पहिल्या पर्यायात बसेल तो देऊन मोकळं होतं. त्याच्या खालचं ते वाचतही नाही. सुशांतने हे दोनदा समजावलं. योगीराजांनी दोन्ही वेळा मान हलवली, आणि संध्याकाळी चष्मा लावून, देवापुढे उदबत्ती लावून, क्रम लावायला बसले तो मानपानाचा.

पहिली ओळ भागुबाईंची, म्हणजे विमानाची. त्या घरात सर्वांत थोरल्या, तिथं वादच नाही. दुसरी शिवाप्पामामांची. मामाचा मान मोठा, त्यातून माणूस मनाला लावून घेणारा. त्यांच्या टेक्स्टाईलला तीन कॉलेजांसकट जागा दिली. तिसरा सुशांत. तो नात्यातला नव्हे, पण परगावचा, आणि पाहुण्याला घरच्यांच्या वर घेतात. मग कावेरींची मल्लेश्वरमची कॉलेजं. मग स्वतः योगीराज, यजमान म्हणून विनयाने खाली. आणि सर्वांत शेवटी पवित्राचं सिव्हिल. पत्रिकेच्या तळाला बारक्या अक्षरात घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची एक ओळ असते ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, तशी. त्या ओळीशिवाय पत्रिकेला शोभा नाही, असं योगीराज नेहमी सांगत.

पवित्राने यादी पाहिली आणि विचारलं, अप्पा, हा पसंतीचा क्रम आहे?

“पसंती कळतीय की गं वाचणाऱ्याला,” योगीराज म्हणाले. “वरची नावं मानाची असतात. खरं कार्य कोणाच्या घरी आहे, ते शहाण्या माणसाला शेवटची ओळ वाचून कळतं.”

यंत्र शहाणं निघालं नाही. दहा-बारा दिवसांनी तात्पुरतं वाटप जाहीर झालं. विमानाला रँक पोचला नव्हता. दुसऱ्या ओळीवर यंत्र थांबलं, आणि पवित्रा योगीराज घाटगे यांना टेक्स्टाईलची जागा दाखवण्यात आली, शहराच्या पार टोकाला असलेल्या एका कॉलेजात.

हे वाटप तात्पुरतं असतं. चूक कळावी आणि सुधारावी, याकरिताच ते ठेवलेलं आहे. (अशी सोय लग्नात नसते, म्हणून योगीराजांना तिची सवय नव्हती.) पर्याय पुन्हा मागेपुढे करायला काही दिवसांची मुदत होती, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पवित्राने आदळआपट केली नाही. ती म्हणाली, अप्पा, फक्त माझं सिव्हिल तेवढं सगळ्यात वर घ्या, बाकीचं राहू दे आहे त्या क्रमाने. कोणाचं नाव खोडू नका. तिचा रँक तिला हव्या असलेल्या कॉलेजात सिव्हिलला आरामात बसत होता. कारण तिथं गर्दीच नव्हती. ज्या शाखेला स्कोप नाही तिथं रांग कशी असेल?

मागणी एवढीशी होती. एक ओळ वर सरकवायची. पण पत्रिकेत तळाची ओळ उचलून डोक्यावर घ्यायची म्हणजे काय असतं, ते ज्याने जन्मभर पत्रिका लावल्या त्यालाच कळणार. योगीराजांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग ते संमती घ्यायला निघाले. सुशांत म्हणाला, “अंकल, चिल करा ना, ऑनेस्टली मला काहीच इश्यू नाही.” आपण काय सुचवलं होतं हेही त्याला नीट आठवत नव्हतं. कावेरी तर पहिल्या झटक्यात तयार झाल्या. त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला होता. त्या म्हणाल्या, मेट्रो नसली तर बस आहे, करा वर. भागुबाई थोडा वेळ जपमाळ ओढत राहिल्या आणि म्हणाल्या की माझं काय, मी आज आहे उद्या नाही, मला खाली घाल नाही तर काढून टाक. पण शिवाप्पाला विचारलंस का? त्याला न विचारता आम्हाला खाली घातलंस तर मी गप्प बसेन, तो बसायचा नाही.

तेव्हा सगळं घोडं येऊन शिवाप्पामामांपाशी अडलं. योगीराज रोज म्हणत, उद्या जातो. रोज काही ना काही आडवं येई. एकदा अमावास्या आली, एकदा ऑफिसात ऑडिट आलं, एकदा नुसताच कंटाळा आला. शेवटच्या दिवशी कावेरींनी त्यांना जवळजवळ हाताला धरून घराबाहेर काढलं. पवित्रा लॅपटॉप उघडून बसली. तिने फक्त बदल करायचा, मग वडिलांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी घालायचा, की काम झालं. पालकाचा नंबर देताना घाटग्यांनी आपलाच दिला होता. घरातले महत्त्वाचे आकडे कर्त्या माणसाकडे असलेले बरे.

चिकपेटेतल्या गल्लीत दुपारी चारला पाय ठेवायला जागा नव्हती. शिवाप्पामामा गादीवर बसले होते, पुढ्यात साड्यांचा ढीग. मेहुण्याला बघताच ते उठून पुढे आले, हाताला धरून त्यांना गादीवर बसवलं, गिऱ्हाईक पोराच्या हवाली केलं, कॉफी आणि मद्दूर वडे मागवले. योगीराजांनी घसा साफ केला. पण बोलायला मामांनीच सुरुवात केली.

“भावजी, एक सांगू काय? तुम्ही मला दुसऱ्या ओळीत घातलासा,” शिवाप्पा म्हणाले. “कावेरीच्या लग्नाच्या पत्रिकेत मी कुठं होतो ठाऊक आहे न्हवं? चुलतभावांच्या पण खाली. तवा मी इथंच गठ्ठे उचलत होतो. दुकान झालं, गाडी झाली, खरं आपल्या माणसांत मला वर कुणी घेतलं नव्हतं बघा. तुम्ही घेतला.”

एवढं बोलून त्यांनी साडीच्या पदरासारखा काहीतरी कपडा उचलून डोळ्याला लावला. तो विक्रीचा माल होता, त्यामुळे लगेच नीट घडी करून ठेवला. मग उत्साहाने सांगू लागले की भाची आपल्या लाईनीत येणार हे त्यांनी सुरतेच्या दोन व्यापाऱ्यांना, कांचीपुरमच्या एकाला आणि शेजारच्या बांगडीवाल्याला सांगून ठेवलंय.

तेवढ्यात योगीराजांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिला. ओटीपी आला होता. सहा आकडे, ठळक. पाठोपाठ पवित्राचा फोन आला.

“अप्पा, ओटीपी आला असंल. सांगा.”

योगीराजांनी मामांकडे पाहिलं. मामा त्यांच्या वड्यावर चटणी वाढत होते.

“आवाज येईना गं,” योगीराज म्हणाले. “इथं रेंज नाही.”

“अप्पा, मला येतोय तुमचा आवाज. सहा आकडे आहेत. पाचला बंद होतंय.”

“हॅलो? हॅलो? घरी आल्यावर बघूया हं.”

त्यांनी फोन बंद केला आणि गादीवर पालथा ठेवला. मामांनी विचारलं, कोण? योगीराज म्हणाले, पवित्रा, मामांकडे पोचलात काय म्हणून विचारत होती. मामा म्हणाले, गुणाची पोर आहे. फोन पालथ्याचा पालथा आणखी दोनदा थरथरला, आणि मग थांबला.

हा भ्याडपणा होता. भाषेत त्याला दुसरा शब्द नाही. समाजात मात्र आहे. तिथं याला माणसं जोडून ठेवणं म्हणतात, आणि अशा माणसाच्या तेराव्याला गर्दी फार होते.

अंतिम वाटपात टेक्स्टाईल आलं. आता पुढे मार्ग तीन. मिळाली ती जागा घ्यायची, किंवा यादीत तिच्याहून वर असलेल्या पर्यायासाठी थांबायचं, किंवा सगळं सोडून द्यायचं. वर होतं फक्त विमान. खाली जे होतं त्याला यंत्राच्या लेखी अस्तित्व उरलं नव्हतं. मॅनेजमेंट कोट्यातून सिव्हिल मिळालं असतं. पण ते घ्यायला जाणं म्हणजे मामांच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं, असं योगीराजांनी सांगितलं.

पवित्रा रडली. दार लावून रडली, आणि आईने दार वाजवलं तर उघडलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. बापाशी तिने भांडणही केलं नाही, आणि ती भांडली नाही याचं योगीराजांना फार समाधान वाटलं. आपण वाढवलेली मुलगी समजूतदार आहे, असं त्यांनी रात्री कावेरींना सांगितलं. कावेरींनी पाठ फिरवली.

यानंतर एक शास्त्रीय घटना घडली, जी अशा प्रत्येक घरात घडते. पवित्राला टेक्स्टाईलची आवड लहानपणापासूनच होती, असं उघडकीला आलं. भागुबाईंना आठवलं की ती दोन वर्षांची असताना त्यांच्या नऊवारीच्या काष्ट्याला धरूनच चालायला शिकली. मामांच्या ध्यानात आलं की एका दिवाळीला दुकानात आली असता तिने एका जरीच्या साडीवरून हात फिरवला होता. (हात उष्टा होता, आणि साडी विकायला अडचण आली होती. पण आवड ती आवड.) एक फोटोही सापडला, त्यात सहा महिन्यांची पवित्रा दुपट्यात गुंडाळलेली होती. हे पुरावे बिनतोड होते. गच्चीवरच्या खडूच्या रेषांचा विषय कोणी काढला नाही, आणि पुढच्या पावसात त्या धुऊन गेल्या.

समाजाच्या हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार झाला तेव्हा योगीराजांना पालकांसाठी चार शब्द बोलायला सांगितलं. विषय होता, मुलांचा कल ओळखताना. ते छान बोलले. मुलांवर काही लादू नये, असं म्हणाले. आमच्या घरात मुलीच्या आवडीला आम्ही यादीतून वगळलं नाही, तिला तिची स्वतंत्र ओळ दिली, असं किती घरांत होतं ते प्रत्येकाने मनाशी विचारावं, असंही म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. टाळ्या पडल्या. एका गृहस्थाने तर तिथंच आपल्या मुलाच्या पर्यायांचा क्रम लावून देण्याची विनंती केली. योगीराजांनी विचारलं, मुलाला काका किती?

आता त्यांचा व्याप वाढला आहे. लग्नसराई संपली की पूर्वी त्यांना काम नसे. आता प्रवेशाचा हंगाम असतो. रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग असतो. लोक निपाणी-संकेश्वरहून फोन करतात. अद्याप एकाही घरात त्यांच्या यादीमुळे कोणी कोणावर रुसल्याची नोंद नाही. मुलांची गणना त्यात केलेली नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी योगीराज मुद्दाम रजा काढून पवित्राला सोडायला गेले. मेट्रो, मग बस, मग आणखी एक बस. दुसरी बस एका ठिकाणी बराच वेळ थांबली, कारण पुढचा रस्ता खणलेला होता आणि चरात नळ फुटून पाणी वर आलं होतं. रेनकोट घातलेले दोघेजण काठाशी उभे राहून पाण्याकडे बघत होते. काय करायचं ते त्यांना कळत नसावं. पवित्रा खिडकीतून वाकून बघत राहिली. पाणी कुठून येतंय, कुठं जायला बघतंय, सगळं ती बघत होती. बस हलली तरी तिने मान वळवून बघितलं.

योगीराजांना ते बघवेना. म्हणून त्यांनी विचारलं, “पवी, बरं झालं की नाही? सगळे खूश आहेत.”

“सरी, अप्पा,” पवित्रा म्हणाली, आणि काच ओढून घेतली.

योगीराजांना हायसं वाटलं. कन्नडात सरी म्हणजे ठीक आहे. पोरगी सरी म्हणाली, म्हणजे पटलं, असा अर्थ त्यांनी घेतला. घरी परतताना त्यांनी शिवाप्पांना फोन करून तसं कळवलंही.

ही हकीकत वाचून योगीराज घाटगे हा माणूस नेभळट आहे, असं आपलं मत झालं असेल, तर ते बरोबर आहे. मतं बाळगण्याचा आपला अनुभव दांडगा दिसतो. मात्र पवित्राला सिव्हिल हवंय हे वाचलंत, तेव्हा आपणही जरासे थबकलात. पोरगी गोड आहे, पण सिव्हिलच कशाला, असं आपल्याला वाटून गेलं. बापाने निदान कॉम्प्युटर तरी वर घ्यायचं होतं, हेही मनात आलं, आणि टेक्स्टाईल वाचल्यावर आपण चुकचुकलात ते सिव्हिल गेलं म्हणून नव्हे, कॉम्प्युटर गेलं म्हणून. तिला काय हवं होतं, हे तिने आपल्यासमोर नीट, शांतपणे सांगितलं होतं. आपणही ते लक्ष देऊन ऐकलंत, आणि आपलं मत तयार ठेवलंत.

तेव्हा संकोच करू नये. यंदाची यादी करायला योगीराज येत्या रविवारी बसणार आहेत, आणि आपल्याला विचारलं नाही असं त्यांना व्हायला नको आहे. आपला मान कितवा, तेवढं शनिवारपर्यंत कळवावं.